गुरुजींच्या फोटोला हार

३ नोव्हेंबर, सोमवार
वंदना करून दहाला शटर वर केलं. मोबाइलवर दुकानाचं पेज सुरू करून दोन महिने झाले. छोट्या दुकानदारांच्या शिबिरात सरांनी सांगितलेलं काउंटरमागे चिकटवून ठेवलं आहे. रोज एक पोस्ट. काम चालू असतानाचं दाखवा. कोणी विचारलं तर तासाच्या आत उत्तर द्या. एवढं करूनही आठवड्यात चार फ्रेमा, त्यातल्या दोन विहारातल्या ओळखीच्या. लोकांचे फोटो आता मोबाइलातच राहतात, भिंतीवर येत नाहीत. आणि मला एकोणपन्नासाव्या वर्षी फ्रेम करण्याशिवाय दुसरं काय येतं.

संगीतानं अकोल्याहून फोनवर शिकवून आपोआप जाणारं उत्तर लावून दिलं. "बाबा, तुमी फ्रेम करा, उत्तर मोबाइल देईन." कोणी काही लिहिलं की पेजवरून लगेच जातं: 'आपल्या विश्वासाबद्दल आभार. दुकान सकाळी दहा ते रात्री आठ सुरू असते.' एक काळजी कमी.

५ नोव्हेंबर, बुधवार
पौर्णिमा. विहारात जाऊन मग दुकान.
प्रदीपभाऊ खंडारे आले, इथंच कचेरीत असतात. वडिलांचा मोठा फोटो, सागवानी फ्रेम हवी. फोटो हातात घेतला आणि थांबलो. आमचे खंडारे गुरुजी. गावच्या शाळेत चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं. आता अकोल्याला धाकट्या मुलाकडे असतात. ऐंशी पूर्ण होताहेत, २३ तारखेला रविवारी घरी कार्यक्रम आहे. मजुरी घेणार नाही म्हणालो. "तसं नाई चालत, शालिकभाऊ." चालवून घ्या म्हटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
गुरुजींची फ्रेम झाली. नेहमीप्रमाणे खिळ्याला टांगून चंदनाचा हार घालून पाहिला. ही मला फ्रेमकाम शिकवणाऱ्या उस्तादांनी लावलेली सवय. हाराच्या वजनानं फ्रेम पुढं झुकते का, कडी धरते का, हे गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी बघायचं. "आज ना उद्या हर फ्रेमले हार येतेच," म्हणायचे. पंचवीस वर्षांत एकही फ्रेम हार घालून पाहिल्याशिवाय दुकानाबाहेर गेली नाही.

फ्रेम सरळ राहिली. ऊन काचेवर न येता बाजूनं येत होतं, म्हणून लगेच फोटो काढला आणि पेजवर टाकला. खाली लिहिलं: 'आमचे खंडारे गुरुजी. शाळेचे दिवस आठवले. त्यांनी बोट धरून अक्षर गिरवून घेतलं नसतं तर मी कुठंच नसतो.' मनापासून लिहिलं. मग काच आणायला बडनेऱ्याला गेलो. मोबाइल दुकानात चार्जिंगला राहिला.

संध्याकाळी परत आलो. पेजवर गावच्या लोकांच्या ओळीच ओळी. भावपूर्ण श्रद्धांजली. विनम्र अभिवादन. एकानं विचारलं होतं, 'केव्हा गेले? अंत्यविधी कुठं आहे?' त्याच्याखाली माझं उत्तर: 'आपल्या विश्वासाबद्दल आभार. दुकान सकाळी दहा ते रात्री आठ सुरू असते.' प्रत्येकाखाली तेच.

हार. हारासकट टाकला मी.

खाली दिनकरचंही होतं. शाळेत माझ्या एक वर्ग पुढं होता. 'याच गुरुजींच्या एका थापडीत माझा कान गेला. आज फोटोला हार पाहून बरं वाटलं.' ते वाचलं आणि सगळंच डिलीट केलं.

तेवढ्यात प्रदीपभाऊंचा फोन. "जित्या माणसाले हार घातला तुमी? लोकं फुलं घेऊन अकोल्याले घरी आले. दार बाबानंच उघडलं." चूक झाली म्हणालो. "आता फ्रेम नको आन् कार्यक्रमबी नको म्हणून राहिले ते."

९ नोव्हेंबर, रविवार
पंचशील म्हणताना चौथ्याशी अडलो. खोटं बोलणार नाही. फोटो खरा होता, हार खरा होता, लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. तरी गावभर खोटं गेलं, आणि माझ्याच हातून गेलं.

संगीता चिडली. "डिलीट काहून केलं बाबा? तिथंच खाली लिहायचं होतं, गुरुजी चांगले आहेत म्हणून. आता ज्यायनं पाहिलं त्यायले खरं कुठं दिसन?" बरोबर आहे तिचं. फोटो लोकांनी आधीच उतरवून घेतला, गावच्या ग्रुपवर फिरतो आहे. आपोआप जाणारं उत्तर बंद केलं. खुलासा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. 'गुरुजी हयात आहेत. हार मी फ्रेम तपासायला घातला होता. चूक माझी.' फार थोड्यांनी पाहिला. घरी बायको, सुमन, म्हणाली, "मेल्याची बातमी पयते. जित्याची कोण वाचते?"

११ नोव्हेंबर, मंगळवार
मोबाइल वाजला की उलटा ठेवतो. एक वर्गमित्र दुकानात डोकावला. "काबे शालिक, पुढच्या हप्त्यात कोणाचा नंबर?" हसून घेतलं. तो गेल्यावर काच कापताना दोनदा चुकलो.
गुरुजी जेवत नाहीत म्हणे. की कमी जेवतात. नीट विचारायची हिंमत झाली नाही. ऐंशीचं वय.
संगीताचं म्हणणं, गुरुजी स्वतः दोन शब्द बोलले तरच लोक मानतील. पण त्यांना मोबाइलपुढं बसा म्हणायला मी कोणत्या तोंडानं जाऊ?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळच्या गाडीनं अकोला. फ्रेम नेली नाही. स्टेशनवर संगीता आली होती, दोघं ऑटोनं गुरुजींकडे.
गुरुजी दिवाणावर. नजर अधू झाली आहे. पाया पडलो, तर चेहऱ्यावरून हात फिरवला. "शालिक होय ना बे? पयले मारतं, मंग भेटाले येतं?" सून तोंडाला पदर लावून हसली. मला हसता आलं नाही. माफी मागायला जे जुळवून नेलं होतं त्यातलं काहीच आठवेना.

"काय लिहिलं होतं लोकायनं?" डिलीट केलं म्हणालो. "मंग आठवन ते सांग. पाढे तं कधी आठवले नाई तुले." एकेक सांगत गेलो. ते बोटांवर नावं मोजत होते. कोण कुठं असतो, कोणाचं अक्षर कसं होतं, सगळं त्यांना माहीत. मग म्हणाले, "वाईट कोणी नाई लिहिलं?"
"नाही, गुरुजी."
"दिनकरनं?"
"नाही."
"बरं." त्यानंतर कोणाचंच नाव विचारलं नाही.

व्हिडिओला मात्र स्वतःहून तयार झाले. संगीतानं मोबाइल धरला. "मी खंडारे गुरुजी. जिता आहे. जे फुलं घेऊन आले होते त्यायनं तेवीस तारखेले पुन्हा यावं, रिकाम्या हातानं." म्हणजे कार्यक्रम होणार. सुनेनं मला चहा दुसऱ्यांदा दिला.

गाडीत जागा मिळाली तरी उभाच होतो. ८ तारखेला खोटं गेलं ते न कळता. आज कळून बोललो. त्यांनी नेमकं दिनकरचंच नाव का घेतलं?

१५ नोव्हेंबर, शनिवार
व्हिडिओ टाकला. टाकण्याआधी प्रदीपभाऊंना पाठवून हो म्हणवून घेतलं. दुपारपर्यंत सगळ्या गावात पोचला. खाली दुकानाचं नाव असतं, त्यामुळे फ्रेमच्या ऑर्डरी आल्या, दोन महिन्यांत आल्या नव्हत्या इतक्या. सुमन खूश. मला खूश व्हावं की नाही कळेना.
काउंटरमागच्या कागदावर आपल्या हातानं दोन ओळी वाढवल्या. ज्याचा फोटो, त्याला विचारल्याशिवाय टाकू नये. उत्तर उशिरा गेलं तरी चालेल, वाचून जावं.
फ्रेमवर हार घालून पाहणं सोडलेलं नाही. फक्त तेव्हा मोबाइल ड्रॉवरमध्ये.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
दिनकरचा निरोप आला पेजवर. 'व्हिडिओ पाहिला. गुरुजी आहेत तर पत्ता दे. समोर बसून बोलायचं आहे.' एवढंच. राग आहे, की काय आहे, लिहिलेल्यावरून कळत नाही.
प्रदीपभाऊंना विचारलं तर ते नाहीच म्हणतील. गुरुजींना विचारायचं तर आधी माझं खोटं सांगावं लागेल. आणि ऐकून त्यांना काही झालं तर? एकदा लोकांनी घरी फुलं आणलीच आहेत.
संगीताला फोन केला. "ब्लॉक करा बाबा आन् मोकये व्हा." करायला एक बटणच आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आज पोस्ट टाकली नाही. कालही नाही. दिनकरचा निरोप उघडून बंद करतो. तिसरीत असताना ती थापड मीही पाहिली होती बहुतेक. पाहिली होती. तिसरी-चौथी एकाच खोलीत बसायची; सगळे खाली बघत होते, मीसुद्धा.

२२ नोव्हेंबर, शनिवार
गुरुजींची फ्रेम पेपरात गुंडाळून सुतळीनं बांधली. उद्या सकाळची गाडी.
दुपारी दुकानातूनच फोन लावला. सुनेनं त्यांना दिला. मी थांबलो नाही, एका दमात सांगितलं. की दिनकरनं लिहिलं होतं, काय लिहिलं होतं, मी तुमच्याशी खोटं बोललो, आणि तो आता पत्ता मागतो आहे.
मग म्हणाले, "कोणता कान, म्हणते तो?"
"ते लिहिलं नव्हतं, गुरुजी."
"डावा असन. मी उजव्या हातानं मारत होतो."
मग पुन्हा सुनेचा आवाज. गुरुजी आत जाऊन पडले, म्हणाली. काय झालं, विचारत होती. उद्या सांगतो म्हणालो.
पत्ता दे म्हणाले नाहीत. देऊ नको असंही म्हणाले नाहीत.
दिनकरला अजून काही लिहिलेलं नाही. मी वाचलं, हे त्याला तिकडं दिसत असेल.