पाचव्या फेरीनंतर

गुरुजी, आज नातीच्या वहीत ते गणित दिसलं आणि मी पुन्हा तुमच्या फळ्यासमोर उभी राहिले. क्षचा वर्ग आणि पाच क्ष, यांत मोठं कोणतं? मी एक, दोन, तीन घालून पाहिलं. वर्ग एक, चार, नऊ; पाच क्ष पाच, दहा, पंधरा. पाच क्ष नेहमीच मोठं, असं लिहून मोकळी झाले. "तीन घरं पाहून गावाचा निकाल लावते काय?" म्हणत तुम्ही खडू माझ्या हाती दिलात. पाचाला दोन्ही पंचवीस. सहाला वर्ग छत्तीस, पाच क्ष तीसच. "आता पाच क्ष त्याले कधीच गाठत नाई," तुम्ही म्हणालात. वर्ग हसला, मी रडले.

त्याच चैतात आईनं मोहाखालचा पाला पेटवला. फुलं वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून सगळेच पेटवत. आग आवरेना. मोहावर अर्धं गाव जगायचं, म्हणून तुम्ही, बाबा आणि आणखी तिघं पळसाच्या फांद्या घेऊन पुढच्या झाडांखालचा पाला झाडत सुटलात. पाच माणसं, फेरीला पाच झाडं. मी पाण्याची घागर घेऊन उंच बांधावर उभी आहे. पहिल्या फेरीत एक झाड पेटलं, मग एकूण चार, मग नऊ. तुमची पंधरा झाडून झाली आहेत. बाबा ओरडतात, "गुरुजी, जिकलो! आता काऊन घाबरून राह्यले?" तुम्ही हसता, "आणखी दोन फेऱ्या, भाऊ." चौथ्या फेरीला तुमची वीस, आगीची सोळा. ती चारी बाजूंनी रुंदावत होती. बांधावरून दिसत होतं. पाल्यात वाकलेल्या तुम्हाला नाही.

सहाव्या फेरीतून चौघं बाहेर आले, बाबा भाजलेल्या पायांनी. तुम्ही सर्वांत पुढं गेला होतात.

लोक म्हणाले, वारा फिरला. वारा नव्हताच, गुरुजी. आईनं पुन्हा पाला पेटवला नाही. मरेपर्यंत एकेक पान हातानं बाजूला करून फुलं वेचली. तिला सगळे दोष देत राहिले, मी देऊ दिला. चौथ्या फेरीलाच मी पुढचं मोजलं होतं: पाचव्याला बरोबरी, सहाव्याला आग पुढं. हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर तुम्ही होतात. पण पुन्हा चुकले तर सगळ्यांसमोर हसं होईल, म्हणून घागर धरून गप्प उभी राहिले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, वहीतच राहील. मघाशी नातीनं विचारलं, "आजी, तुले येते काय हे गणित?"

मी म्हणाले, "नाई."