नवऱ्याआधी वाढलेलं पान

प्रिय वहिनी,

काल तुझं तेरावं झालं. पंगतीत पनवेलच्या काकू माझ्या शेजारी होत्या. दुसरा लाडू तोंडात असतानाच म्हणाल्या, "बिचारी! पण खाऊन खाऊनच गेली हो." म्हणून हे लिहिते आहे. हा राग तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगू?

खाऊन गेलीस? काविळीनं गेलीस तू! शेवटी तर पेजेचा घोटही उतरत नव्हता. मी तिथल्या तिथे काकूंना ते ऐकवलं. त्यांना ठसका लागला. लागू दे! दादा मात्र मान खाली घालून भात कालवत राहिला. आणि तुझी लेक मीना? तिनं हातातला घास पानात ठेवला आणि उठून गेली.

आज सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर मीना भिंतीकडे तोंड करून उभी. हातात पोह्यांचा डबा, तोंडात कोरडे पोहे. मला बघताच तिनं झाकण लावलं. "काही नाही गं आत्या, किती उरलेत ते बघत होते." वहिनी, आवाजसुद्धा तुझाच!

तुला असं उभ्यानं खाताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुझं लग्न होऊन वर्ष झालं असेल. दादा बँकर इंजिनावर होता. कर्जतला गाडीला मागून इंजिन लावायचं, ती ढकलत घाटावर चढवायची आणि परत यायचं. पावसाळ्यात घाटात दरडी पडायच्या. तो ड्यूटीवर गेला की तुझा जीव टांगणीला. त्यात नवरा जेवल्याशिवाय बायकोनं जेवायचं नाही, हा आमच्या आईचा नियम. पाटावर बसायला बंदी, पण डब्यात हात घालायला कोण अडवणार? पोहे, गूळ, शेंगदाणे, शिळ्या भाकरीचा तुकडा. चव तरी लागत होती का गं तुला?

आई शेजारणींना अभिमानानं सांगायची, "आमची सून नवऱ्याआधी अन्नाला शिवत नाही." शेजारणी तुझ्या दंडांकडे बघून गालात हसायच्या. भाजीवाली तर टोपली टेकायच्या आधीच सुरू करायची, "वयनी, उपास लई मानवतो गं तुला! आमी दोन वेळा जेवतो, तरी हाडं दिसतात." आणि सगळ्यांत मोठ्यानं तूच हसायचीस. ते हसणं मला तेव्हा आवडलं नाही, आजही आवडत नाही. का हसायचीस? एकदा तरी चिडायचंस!

मग तो दिवस आला. भर दुपारी निरोप आला, पळसदरीच्या वर दरड आलीय, गाड्या अडकल्यात. त्यापलीकडे कुणालाच काही माहीत नव्हतं. आई देवापुढे बसली. तू डब्यांच्या फळीपुढे उभी राहिलीस. एक मूठ तोंडात, दुसरी तयार, आणि डोळ्यांतून पाणी.

आईनं पाहिलं. "नवरा घाटात अडकलाय आणि हिला भूक लागलीय!"

"भूक नाही हो," तू म्हणालीस. "हात थांबला की मनात नाही नाही ते येतं."

यापेक्षा सरळ कसं सांगायचं असतं? मी पाट मांडला, भात वाढला, वर वालाचं बिरडं घातलं आणि म्हटलं, "बस."

"ते आल्याशिवाय?"

"मी शिकले त्या कॉन्व्हेंटात घंटा झाली की मदर सुपीरियरसुद्धा जेवायला बसायची. कुणाची वाट बघत नसे."

"तिला नवरा नव्हता!" आई कडाडली.

"म्हणून तर वेळेवर जेवायची!"

तसल्या वेळीही तुला हसू फुटलं, आणि तू बसलीस. आई अभद्र, अपशकुन असं काहीबाही बोलत होती. मी म्हटलं, "आई, हिच्या घासानं दरड पडत नाही आणि हिच्या उपासानं ती हलतही नाही." तू सावकाश सगळं पान संपवलंस. मी समोरून हलले नाही.

संध्याकाळी दादा आला. चिखलानं माखलेला, पण धडधाकट. आईनं त्याला पायरीवरच गाठलं, "तुझी बायको जेवली. तुझ्याआधी!"

"जेवली? सुटलो बाबा!" दादा म्हणाला. मग ओशाळून, "मी रोज स्टेशनावर वडे खाऊनच येतो. पोट भरलेलं असतं. पण ही थांबलेली असते, म्हणून पुन्हा बसतो."

धन्य! म्हणजे तू त्याच्यासाठी उपाशी राहायचीस आणि तो तुझ्यासाठी दोनदा जेवायचा! आईचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तू दुपारी आमच्याबरोबर जेवू लागलीस. आईनं कितीतरी दिवस अबोला धरला. तुझी भीती काही गेली नाही. पावसाळा दरवर्षी यायचा आणि घाट होता तिथेच होता. जीव घाबरला की हात डब्याकडे जायचाच. पण मग तू वाटीत पोहे घेऊन ओटीवर यायचीस. "बस गं जरा, आज मन ठिकाणावर नाही." कधी वाटी संपून दुसरी भरायची. कधी बोलता बोलता तशीच राहून जायची. कुणी हसलं तर तू नुसती बघायचीस, हसणाऱ्यालाच अवघडायला व्हायचं. जाड होतीस, जाडच राहिलीस. त्यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

एक तक्रार मात्र आहे. हे मीनाला का नाही सांगितलंस? लाडू वळायला शिकवलंस, पण तुझा जीव कशानं घाबरायचा ते एका शब्दानं बोलली नाहीस. त्या पोरीला वाटतं, आई हावरट होती आणि आपणही तशाच. तू गेलीस म्हणून तिचा जीव घाबरा झालाय, हे तिचं तिलाच कळलेलं नाही!

तेव्हा आता मी सांगणार. काकूंचा मुक्काम अजून आठवडाभर आहे. बरंच झालं. आज दुपारी मीनाचं पान बरोबर त्यांच्या समोर मांडीन आणि दादाच्या देखत सगळं मोठ्यानं सांगेन. काकू काही बोलल्याच, तर शाळेतल्या शिकवण्यातून निवृत्त झाले असले तरी माझी जीभ अजून नोकरीवर आहे. मीना म्हणेल, भूक नाही. मी म्हणेन, नको जेवूस, नुसती बस माझ्याजवळ. उद्याही हाक मारीन, परवाही.

हा माझा शब्द आहे, वहिनी. तुझ्या लेकीला रडायचं असेल तर ती रडत रडत जेवेल, पण चारचौघांत बसून जेवेल.

तुझी फटकळ नणंद,
सुधा