सहा बोटांचा पंजा आणि चार सिलिंडरचा ट्रक

ती. दाजींच्या चरणी,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (कंबर हल्ली अर्ध्या वाटेवर थांबते, तेव्हा उरलेला नमस्कार मनाने पोचला असं समजावं.) तुमचे गुडघे काय म्हणतात? ताईचं गोड खाणं बंद झालं, की नुसतं कपाटाआड गेलं? माझं उत्तम चाललं आहे. दात सोडले तर बाकी सगळे अवयव आपापल्या जागी आहेत, आणि सकाळी उठल्यावर त्यांची हजेरी घ्यायला फार वेळ लागत नाही.

"ट्रक भंगारात दे आणि मोकळा हो" हे तुमचं पत्र पोचलं. तुमचा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही, आताही देणार नाही. पण ट्रक जाऊ नये असं मला वाटतं, हे तुमच्यापासून लपवून काय उपयोग? त्या केबिनमध्ये तुमच्या शेजारी बसून माझा जन्म गेला. आपण लोकांची घरं हलवली. तुम्ही स्टिअरिंग धरायचं आणि मी कपाटांना दोर बांधायचे, काचसामान गोधड्यांत गुंडाळायचं, आणि चढ लागला की शाळेतल्या कविता म्हणायच्या. (चढावर ट्रक दमतो, हा दमत नाही, असं तुम्ही एकदा एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतंत. मी ते कौतुकाच्या खात्यात टाकलं आहे.) काय ते दिवस! कुणाचा तरी पाळणा, कुणाची तरी आरामखुर्ची, मागे ताडपत्री फडफडते आहे आणि पुढे वळणावळणाचा रस्ता. असो. मी वाहवत जातो असं ताई म्हणते, आणि ते खरंच आहे.

तर तुमच्या आज्ञेप्रमाणे मी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने ट्रकभोवती फेरी मारली, चाकाला लाथ मारली (त्या लोकांची नमस्काराची पद्धत असावी) आणि म्हणाला, "चालू करा." रोज सकाळी बॅटरी उतरू नये म्हणून मी तो चालू करतोच, तसा केला. आवाज ऐकून समोरच्या बाईंनी खिडकी लावली आणि भंगारवाल्याने कान झाकले. "आजोबा, ही असली तोफखान्याची वरात घेऊन मी गावातून गेलो तर मलाच आत टाकतील. ओढून न्यायचा तर खर्च परवडत नाही. आवाज बंद करा, मग चालवत नेतो." म्हणजे दाजी, नीट लक्ष द्या, ट्रक भंगारात जाण्यासाठी आधी दुरुस्त होणं आवश्यक ठरलं. यात माझा काही हात नाही.

मग मिस्त्रीला बोलावला. त्याला सगळे 'उद्या' म्हणतात, कारण आज या शब्दाशी त्याचा परिचय नाही. तिसऱ्या उद्याला तो आला. मी त्याला सांगितलं की ट्रकला यतिभंग झाला आहे, जिथे थांबू नये तिथे थांबतो आणि ओळ मध्येच तुटते. त्याने बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि म्हणाला, "त्याला आमच्यात मॅनिफोल्ड फुटला म्हणतात." तुम्हाला सांगायला नको, पण मला त्या दिवशीच कळलं, की इंजिनाच्या प्रत्येक भोकातून निघणारा धूर गोळा करून एका नळीत घालणारा बिडाचा एक पंजा तिथे असतो. आपल्या पंजाला तडा गेला होता. मी म्हटलं, वेल्डिंग मार. तो म्हणाला, "बिडाला वेल्डिंग म्हणजे रुसलेल्या जावयाची समजूत काढणं. गार आहे तोवर ठीक, तापला की परत तेच." (उदाहरण त्याचं आहे, दाजी. आमच्या घराला तसा अनुभव नाही.)

नवा पंजा घेणं आलं. आता भंगारात जाणाऱ्या ट्रकला घालायचा म्हणजे स्वस्तातला हवा, आणि चांगलाही हवा, कारण जाताना कुणी उघड्या अंगाने जात नाही. आधी कंपनीच्या दुकानात गेलो. तिथे एक मुलगी काचेमागे बसली होती. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग किंमत सांगितली. क्रम बरोबर होता. एवढ्या पैशात तेव्हा अख्खा ट्रक आला नसता का, असं विचारलं तर ती म्हणाली, "आजोबा, तेव्हा माझा जन्म झाला नव्हता." यावर वाद घालता येत नाही.

तिथून बाजारातल्या पार्टवाल्याकडे. कंपनीबाहेरच्या मालाचं दुकान, छतापासून जमिनीपर्यंत नळ्या, पंजे, सायलेन्सर लटकलेले, मधून वाट काढताना वाकावं लागतं. त्याच्याकडे दोन प्रकार होते. एक बिडाचा, काळा, खरबरीत, चेहऱ्याला कसलाही भाव नसलेला. दुसरा स्टीलच्या नळ्यांचा, लखलखीत, हंसाच्या मानेसारख्या बाकदार नळ्या एकत्र येऊन पुढे निघालेल्या. त्याला हेडर म्हणायचं. मी टिचकी मारली. बिडाचा ठक् म्हणाला आणि गप्प बसला. हेडर मात्र गायला. मी पुन्हा मारली, डोळे मिटले. पार्टवाला म्हणाला, "आजोबा, हेडर घेताय की माठ?" मग विचारलं, "गाडी चार सिलिंडरची की सहाची? तेव्हा दोन्ही यायच्या."

बॉनेटच्या आतला प्रांत तुमचा, तिथे मी कधी डोकावलो नाही. पण रोज सकाळी इंजिनाचे ठोके मात्रांत मोजतो की नाही? चार ठळक आणि मध्ये दोन बारीक, अशी सहांची आवर्तनं होती. मी छातीठोकपणे सांगितलं, सहा. सहा नळ्यांचा हेडर कापडात गुंडाळून, मांडीवर घेऊन, रिक्षाने घरी आलो.

'उद्या'ने तो इंजिनाला लावून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा इंजिनाकडे. "काका, इथे भोकं चार आहेत." मी म्हटलं, पण ठोके सहा आहेत. तो म्हणाला, "दोन तड्याचे आहेत." दाजी, मी इतके दिवस तडा मोजत होतो, आणि त्याला छंद समजत होतो.

हेडर परत घेऊन गेलो तर पार्टवाल्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी काही भांडलो नाही. दारातल्या स्टुलावर बसलो आणि मन शांत व्हावं म्हणून सहावीच्या पुस्तकातली एक कविता म्हणायला घेतली. ती दीर्घ आहे. दुसऱ्या कडव्याला एक गिऱ्हाईक दारातून वळलं, सातव्याला एक ड्रायव्हर मात्र आत येऊन उभाच राहिला आणि डोळे पुसू लागला, काहीही न घेता. तेव्हा पार्टवाला गल्ल्यावरून उठला, हेडर माझ्या हातातून घेतला, बिडाचा चार बोटांचा पंजा दिला, वर फरकही दिला. "हे घ्या, आजोबा. उरलेली घरी म्हणा." काव्यवाचनाचा मला मिळालेला हा पहिला मोबदला.

पंजा बसला. ट्रक आता इतक्या हळू आवाजात चालतो की समोरच्या बाई खिडकी उघडून विचारतात, बंद पडला का? चार मात्रा, स्वच्छ, कुठे अडखळ नाही. (थोडा नीरस वाटतो. पण नियमित.)

ताईला नमस्कार. कपाट तपासावं.

तुमचा आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. ट्रक तयार आहे, पण 'उद्या'च्या मते मूळ चालवणाऱ्याने एकदा चालवून पाहिल्याशिवाय बिडाच्या पंजाचा भरवसा देता येत नाही. असं तो म्हणाला नाही, पण विचारलं असतं तर त्याला पटलं असतं.

ता. क. २. लेकीने तिच्या घराशेजारची खोली माझ्यासाठी घेतली आहे. महिनाअखेरीला मी हे घर सोडतो. सामान न्यायला तिने बंद गाडी ठरवली होती, प्लॅस्टिक गुंडाळणारी गणवेशातली माणसं वगैरे. मी नको म्हणून कळवलं. आयुष्यभर इतरांची घरं हलवली, आता माझं निघालं तर परक्याने दोर बांधावा हे मनाला पटेना. दोर मीच बांधेन. पण चालवायला तुम्ही या. गुडघ्यांचं निमित्त चालणार नाही, ताईला मी आधीच विचारलं आहे, तुम्ही रोज बाजारापर्यंत पायी जाता.

ता. क. ३. तुमची आज्ञा मोडली असं कुणी म्हणू नये. सामान उतरलं की ट्रक तिथूनच उचलायला भंगारवाल्याला सांगितलं आहे. त्याने पत्ता विचारला, मी तो दिलाही. घाईत फक्त गल्लीचं नाव आणि घराचा नंबर सांगायचा राहून गेला.