मॅनेजरला आणखी एक हंगाम

आये, तुला जाऊन बारा वर्षं झाली, आणि मला अजून त्या मॅनेजरचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला फिरवून फिरवून लिहिता येत नाही.

तुझी खानावळ दौंडच्या रेल्वे मैदानाला लागून होती. गाडीवरचे गार्ड, ड्रायव्हर तिथं जेवायचे, आणि रविवारी मॅच झाली की फुटबॉलची सगळी पंचायतही तिथंच बसायची. मॅनेजर म्हणजे आपल्या कॉलनीच्या टीमचा मॅनेजर. रिटायर झालेला फिटर, बायको गेलेली, दोन्ही वेळचं ताट तुझ्याकडं. लोक मागं काय काय बोलायचे, मला त्याचं काही नव्हतं. बाप गेल्यावर खानावळीला पहिलं गिऱ्हाईक त्यानंच आणलं हे तू हजारदा ऐकवलंस, तेही मान्य. माझं दुखणं वेगळंच होतं.

कुरकुंभला नवेनवे कारखाने उभे राहत होते, त्या वर्षी मी सासरहून, शिरूरकडच्या निमोण्याहून, पिशवी घेऊन निघून आले. नवऱ्यानं दोनदा हात उचलला होता, आणि सासू भाकरीचा तुकडा मोडून हातावर ठेवायची, कुत्र्याला टाकावा तसा. तू कांदा चिरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "भांड्याला भांडं लागतंच. आठ दिस ऱ्हा, आन् पुढल्या शनिवारच्या एस्टीनं माघारी जा." मी रडले, भांडले, तुझे पाय धरले. तू दुसरा कांदा घेतलास. पिशवी दाराशीच पडून राहिली, ती तू आत घेऊ दिली नाहीस.

त्याच रविवारी आपली टीम कुरकुंभच्या एका कारखान्याच्या टीमकडून पाच गोलांनी हरली. ओळीनं सहावी हार. सोमवारी दुपारी सगळे जमले, मॅनेजर ठेवायचा का काढायचा. तो स्वतः मुद्दाम आला नव्हता. आपल्यात रीत होती, टीमचं काहीतरी काम करणाऱ्यालाच हात वर करायचा मान. म्हणून टीमचे कपडे शिवणारे चाचा होते, मैदानावर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारणारा होता, आणि पोरांना जेवू घालणारी तू होतीस.

"म्हातारा सहा गडी मागंच उभं करतो," गार्ड आप्पा तावातावानं म्हणाले. "मंग गोल कोण, स्टेशनमास्तर मारणार?"

"आप्पा, पोरं रात्रपाळी करून येत्यात," चाचा म्हणाले. "पाय कुठनं उचलायचं त्यांनी? मॅनेजर काय खांद्यावर घेऊन पळणार हाय?"

"आन् गोलकीपर कुणी निवडला? गाडी आली की फाटक बंद करत्यात. आपलं फाटक गाडी बघून उघडतं!"

सगळे हसले. तू हसली नाहीस. आमटीची पळी हातात तशीच धरून मधोमध जाऊन उभी राहिलीस. "एक हंगाम वाईट गेला म्हणून माणसाला भायेर काढता व्हय? जिंकला तवा खांद्यावर घेतला, आन् हरला तर दार लावून घ्यायचं? आपला माणूस हाय. आणखी एक हंगाम द्या त्याला. पडत्या टायमाला आपण पाठीशी न्हाई ऱ्हायचं तर कुणी?"

आये, मी आत चुलीपुढं बसले आहे. तव्यावरची भाकरी करपते आहे, वास नाकात जातो आहे, आणि माझ्यानं ती उलटवत नाही. सहा मॅच हरलेल्या माणसासाठी तू हे बोलते आहेस. मी एकच हरून आले होते.

हात मोजले. सात ठेवायच्या बाजूनं, सात काढायच्या. आप्पांना आतली मी दिसले. "वहिनी, तुमची लेक आल्यापासनं टीमचे कपडे धुती. तिचा बी हात मोजा की." तू माझ्याकडं वळून बघितलंस, अगदी बिनघोर. पोटची पोर, दुसरीकडं कुठं जाणार! मी पिठानं भरलेला हात वर केला, काढायच्या बाजूनं. फुटबॉलमधलं मला काडीचं कळत नव्हतं. तुझ्या तोंडातून त्याच्यासाठी निघालेलं वाक्य मला सहन झालं नाही, एवढंच.

चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. शुक्रवारी तो नेहमीसारखा जेवायला आला. कुणाच्या हातानं आपलं मॅनेजरपद गेलं हे त्याला कळलेलं होतं. मी ताट आदळलं, त्यानं गुमान ओढून घेतलं. अर्धी भाकरी झाल्यावर तुला म्हणाला, "वहिनी, ही भर पंचायतीत तुमच्या तोंडावर हात वर करती. ही तिकडं गप बसायची न्हाई, आन् ती माणसं हिला जगू द्यायची न्हाईत. मला काढलं, मी माझ्या घरी गेलो. हिनं कुठं जायचं? ठिवा हिला."

तू ताकाची वाटी त्याच्यापुढं सरकवलीस, उठलीस, दाराशी पडलेली पिशवी उचललीस आणि माळ्यावर टाकलीस. झालं.

मी नाचायला पाहिजे होतं. शनिवारची एसटी माझ्याशिवाय शिरूरकडं गेली, आणि मी कोपऱ्यात जळत बसले. आठवडाभर मी घसा फोडून सांगितलं ते तुझ्या कानाला लागलं नाही, त्यानं दोन घासांच्या मधे सांगितलं ते लागलं. मी राहिले, पण माझ्या शब्दानं नाही. त्याचे उपकार आहेत, नाही म्हणत नाही. उपकार आणि जळफळाट एकाच पोटात सुखानं नांदतात, मला विचार.

पुढं किती वर्षं आपण दोघी एका चुलीवर राबलो. त्या दिवसाबद्दल तू बोलली नाहीस, मी विचारलं नाही. तू गेलीस तेव्हा लोक सांत्वनाला आधी त्याच्याकडं वळले, हेही मी बघितलं.

खानावळ आता मी चालवते, तो अजून जेवायला येतो. आता थकलाय, आमटी सांडते, मी पुसते. नवं गिऱ्हाईक दिसलं की तुझ्या गोष्टी सुरू करतो, आणि मी भांडी आपटत उठून जाते. माझ्याकडं नाहीत एवढ्या गोष्टी त्याच्याकडं आहेत.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुला वाचता येत नव्हतं. पत्र हाती पडलं असतं तर तू त्यालाच वाचायला बसवलं असतंस.

काल तो सांगत होता, पोरांचे डबे घेऊन तू मैदानातून चालली होतीस, बॉल पायाशी आला, तू लाथ मारलीस, आणि बॉल राहिला जागेवर, चप्पल गेली गोलात. तू म्हणे हसून हसून तिथंच मातीत बसलीस. मी तुला तसं हसताना कधी बघितलं नाही. मी मोरीत भांडी घासत होते. नळाचा आवाज मधे येत होता. मी नळ बंद केला.