कॉन्टेसावर उभी राहिली अंजू

प्रिय मित्र बाबाराव यास देवीलाल राठोडचा पुसदजवळच्या तांड्यावरून सप्रेम जयभीम आणि जय सेवालाल.

तुझा गुडघा आता वाकतो का? प्रभावतीवहिनींना म्हणावं, त्याला जिने चढू देऊ नका. (माझ्या घरचीचं म्हणणं, लग्न चुकवायलाच तू ऑपरेशन केलंस. मी तिला गप्प बसवलं, पण पुरतं नाही.) तू आला नाहीस, तरी आमच्या अंजूच्या पाठवणीसाठी आपली नवी गाडी देऊन संघदीपला पाठवलंस, हे तूच करू जाणे.

आता खरं सांगतो, रागावू नकोस. गाडी देखणी आहे. दार लावलं तरी आवाज नाही, चालू झाली तरी आवाज नाही, पाठीला गारवा देते आणि आतली बाई इंग्रजीत रस्ता सांगते (तांड्याचा रस्ता तिला सापडला नाही, तो शेवटी तांड्यातल्याच उकंडाने दाखवला). पण बाबाराव, ही मोटार आहे की दवाखाना? माझी काळी कॉन्टेसा गुरगुरली की तांड्यातली कुत्री उठून उभी राहतात. बॉनेट एवढं लांबरुंद, की घरची त्यावर मुंगवड्या वाळवते. आणि तू मात्र भेटलास की म्हणतोस, भंगारात दे.

तर ऐक. आमच्यात नवरी निघताना सजवलेल्या बैलावर उभी राहून हवेलीचं गाणं म्हणते, माहेराचा निरोप घेते. (माझ्या बहिणीच्या वेळी बैल तूच धरला होतास.) यंदाचा बैल बँडला बुजला आणि दोर तोडून पऱ्हाटीच्या वावरात शिरला. सगळे हवालदिल. तेव्हा माझी आत्या मैनाबाई म्हणाली, "नवरीले जे घिऊन जाते, त्याच्यावरच तिनं उभं राह्यचं. बैल नाही त मोटार!"

संघदीपचा चेहरा उतरला, पण पोरगं तुझंच, नाही म्हणालं नाही. अंजूने बॉनेटवर पाय दिला मात्र, गाडी अशी बोंबलायला लागली की हवेलीचा पहिला शब्दच बुडाला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बापू, मले माही हवेली पुरी म्हणू द्या न." मला असा संताप आला! कॉन्टेसावरची ताडपत्री ओढून फेकली आणि हाताला धरून तिला वर चढवलं. अंगावर घेरदार फेटिया, पायात चांदीचे वाळे, आणि तिने हवेली पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. गाडी तसूभर दबली नाही. व्याही रडले, बँडवाले रडले, मी तर ढसाढसा रडलो आणि रडतानाही माझी छाती फुगलेली होती. तुझी गाडी बसायला छान आहे, पण पोरगी उभी करायला माझीच लागली, हे चारचौघांत कबूल कर.

तुझा,
देवीलाल

ता. क. अंजू कॉन्टेसातून सासरी गेली, असं मी वर कुठेही लिहिलेलं नाही. आदल्या दिवशी वीज गेली म्हणून कॉन्टेसाची बॅटरी मी मांडवातल्या भोंग्याला जोडली होती. ती पार उतरली. अंजू तुझ्याच गाडीतून गेली.

आणखी एक. संघदीप भीतीपोटी सांगणार नाही. तुझ्या बॉनेटवर अंजूच्या टाचेचा खळगा पडला आहे. तू म्हणशील तिथे दुरुस्त करून देतो. पण इतक्यात नको रे. माझ्या गाडीचा पत्रा मी हात फिरवून फिरवून पाहिला, पोरीचं पाऊल कुठेच लागत नाही. येत्या रविवारी तुझा गुडघा बघायला येतोय. गाडी बाहेर उजेडात लावून ठेव.