हार घातलेल्या मुखपृष्ठाचा खुलासा

मुलुंड पूर्व,
रविवार, जेवणानंतर

तीर्थरूप मालनताईच्या चरणी जिवंत मार्तंडचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहे. हे वाक्य आपण पत्रात सवयीने टाकतो, पण या वेळी मी ते मुद्दाम लिहितोय, आणि सर्व म्हणजे मला धरून सर्व. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर त्यांना म्हणावं, तपकीर सोडा. मी गेलो असं समजून त्यांनी दोन वेळचं जेवण सोडलं, पण तपकीर सोडली नाही, हे मला कळलंय.) रुचिराला अनेक आशीर्वाद. तिच्या लग्नासाठीच पेन हातात घेतलंय. तिचा सख्खा मामा मी एकटा. गुरुजींनी ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या’ असं म्हटलं की तिला मांडवात आणायचं काम माझं, हे ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. आणि तू तो मान चेंबूरच्या चंद्रप्रकाशला देऊन बसलीस. आपला चुलत भाऊ आहे, माणूस वाईट नाही, पण त्याने सफारी शिवायला टाकली असं कळलं आणि माझ्या घशाखाली घास उतरेना.

मी मेलेलो नाही हे तुला फोनवर सांगून पाहिलं. तर ‘मेल्यांनो, माझ्या भावाचो आवाज काढून माका फसयतास?’ म्हणून तू फोन ठेवलास. तुमच्या बचतगटात कोणी बाई येऊन सांगून गेली की हल्ली कॉम्प्युटर कोणाचाही हुबेहूब आवाज काढतो. ठीक आहे, माणसाने सावध असावं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल केला, तर म्हणालीस, तोंड मार्तंडचं आहे पण डोळे त्याचे नाहीत. (ताई, मोतीबिंदू काढला गं. काढून घे म्हणून तूच मागे लागली होतीस.) शेवटी शुभाने फोन घेऊन शपथेवर सांगितलं की हे माझ्या शेजारी बसलेत आणि शेंगा सोलताहेत. त्यावर तू दाजींना म्हणालीस की बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिला तो अजून शेजारी बसलेला दिसतो. आता यापुढे माणसाने काय बोलावं? दाजींनीच तोड काढली की हाताने लिहिलेलं पत्र पाठव, अक्षर बघून ठरवू. तर घे, बघ. अक्षरावर भागत नसेल तर आणखी पुरावा देतो. गणपतीत आईने केलेली खाजी तू माळ्यावर बसून संपवलीस आणि नाव माझं सांगितलंस. मार मी खाल्ला. हे कुठल्या कॉम्प्युटरला माहीत असणार? सातवीतलंही एक सांगता येईल, पण पत्र आधी दाजी वाचतात म्हणून थांबतो.

आता मी मेलो कसा ते ऐक. आमची गंधाली कॉलेजात मीडियाचा अभ्यास करते. (हो, मासिकं चाळणं हाही अभ्यास असतो. तुझ्यासारखाच मलाही आधी विश्वास बसला नव्हता.) या वेळी तिला मुखपृष्ठं वाचायची होती. वाचायची, बघायची नव्हे. मी चुकून ‘बघायची’ म्हटलं तर रागावली. आणि तीही आपल्या दिवाळी अंकावरच्या नथवाल्या बाईची नव्हेत. परदेशात म्हणे रस्त्यावर विकायची मासिकं असतात. ज्यांना घर नाही, काम नाही अशी माणसं ती विकतात आणि विक्रीतला वाटा त्यांना मिळतो. आत घरभाडं, भूक, म्हातारपण असे विषय. त्यांची मुखपृष्ठं छापून आणून तिने बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवली, तीही कॅलेंडर काढून, त्यामुळे त्या महिन्यात आमची एकादशी कधी आली नि कधी गेली कळलं नाही. रोज जेवताना ती सगळी परकी माणसं आमच्या ताटाकडे बघत असायची. गंधाली सांगायची, बाबा, चेहरा मुद्दाम इतका जवळून घेतात, नजर थेट तुमच्याकडे ठेवतात, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याचा पाय अडतो. शुभा म्हणाली, तो जांभळ्या टोपीवाला उपाशी वाटतो, त्याच्यासमोर मला आमरस खाववत नाही. गंधालीने ते लगेच लिहून घेतलं. आमच्या घरात शुभाचं बोलणं कोणी लिहून घेतल्याचं हे पहिलंच उदाहरण. मग मलाही चेव आला. मी म्हटलं, त्याची कॉलर उसवलीय, टाका घालणारं घरात कोणी नाही. तेही घेतलं. मागचा पिवळा रंग काय सांगतो, असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, रंग उरला असेल. ते मात्र घेतलं नाही.

पुढे त्यांच्या प्रबुद्ध सरांनी वर्गाला सांगितलं की नुसतं दुसऱ्याचं वाचू नका, आपला एक अंक काढा आणि रस्त्यावर विकून दाखवा, त्यावर मार्क. पोरांनी विषय घेतला बसायच्या जागेचा. आमच्या स्टेशनकडच्या रस्त्यावरची बाकं मागे कधीतरी काढली ती परत आलीच नाहीत. कोणी नेली, कुठे ठेवली, कोणालाच पत्ता नाही. आमची संध्याकाळची मंडळी तेव्हापासून उभ्याने गप्पा मारतात, आणि उभ्याने गप्पा रंगत नाहीत, फक्त पाय दुखतात. तिथल्या फुलवाल्या लताबाईंची निम्मी गिऱ्हाइकं त्याच बाकांवर टेकायला यायची, तीही तुटली. म्हणून ठरलं की अंक लताबाईंनी फुलांबरोबर विकायचा आणि निम्मे पैसे त्यांचे. अंकाचं नाव ‘जरा टेकू’. मुखपृष्ठावर चेहरा कोणाचा घ्यायचा म्हणून पोरांनी एकमेकांचे बाप बघितले, आणि उभं राहून सगळ्यात जास्त दमलेला चेहरा म्हणून माझा नंबर लागला. (शुभाचं म्हणणं, बसल्यावरही तो तसाच दिसतो.) फोटो कृष्णधवल, चष्मा काढून, मागे नुसता काळोख, आणि हसायचं नाही अशी सक्त ताकीद. खाली एकच ओळ: आम्ही बसायचं कुठे?

प्रकाशन लताबाईंच्या टपरीशीच ठेवलं होतं. मुखपृष्ठ मोठं करून आणलं, ते उभं राहीना म्हणून फ्रेमवाल्याने हाताशी असलेल्या काळ्या चौकटीत बसवून दिलं, आणि शुभाने घरून आणलेल्या खुर्चीवर ते टेकवलं. आता तूच सांग ताई, आपल्यात हाराशिवाय काही सुरू होतं का? रिक्षा घेतली हार, मिक्सर घेतला हार. मी लताबाईंकडून झेंडूचा जाडजूड हार निवडून घेतला, घासाघीस करून, प्रबुद्ध सरांसाठी. सर म्हणाले, मी हार घालून घेत नाही. (तत्त्वाचे आहेत, आणि मला ते आवडलं, पण हार माझ्या हातात राहिला ना.) परत द्यावा तर लताबाईंची बोहनीची वेळ, जमिनीवर ठेवणं बरं नाही. तेव्हा मी, ताई, मी स्वतः, या दोन हातांनी तो हार त्या चौकटीला घातला. डोक्यात एवढंच की नवा अंक आहे, त्याची पूजा झाली पाहिजे. शुभाने केळ्यात उदबत्ती खोचली, नारळ ठेवला. आम्ही सगळ्यांनी चपला काढल्या. सर दोन शब्द बोलले आणि पोरं माना खाली घालून ऐकत उभी राहिली.

एक गृहस्थ जाता जाता थांबले, चौकटीपुढे हात जोडून डोळे मिटले. मला वाटलं, छापील अक्षराला नमस्कार करतोय, संस्कारी माणूस. मग दुसरे आले, तिसऱ्या बाईंनी फूल वाहिलं, आणि बघता बघता रांग लागली. फूल लताबाईंकडून घ्यायचं, वाहायचं, आणि हळहळत एक अंकही घ्यायचा. एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. मी चष्मा लावून हसत उभा, त्यामुळे ओळख पटण्याचा प्रश्नच नव्हता.

“जवळचे होते का?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण इतक्या मायेने विचारणाऱ्याला तोंडावर कसं पाडायचं?

“फार जवळचे,” मी म्हटलं.

चेहऱ्यावरून भला माणूस वाटतो, असं म्हणून त्यांनी माझा खांदा थोपटला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात आमच्या सोसायटीतल्या कोणी त्या हार घातलेल्या चौकटीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. हात जोडलेल्या चित्रांसकट फिरत फिरत तो चंद्रप्रकाशकडे गेला. त्याने खात्री करायला मला फोन केला, तर प्रकाशन म्हणून मी फोन बंद ठेवलेला. शुभाचा पिशवीत, पार तळाशी. मग त्याने तुला कळवलं. आम्ही घरी पोचलो तर जिन्यात पांढऱ्या कपड्यांत शेजारी उभे, आणि समोरच्यांनी पिठलं-भात आणून ठेवलेला, कारण अशा घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. मला बघून दोघे जण जिना उतरले. पिठलं मात्र झकास होतं, मी दोनदा घेतलं.

गंधाली खोलीत जाऊन रडत बसली. वाट लागली, सगळ्यांनी चुकीचं वाचलं, आता नापास, असं तिचं चाललं होतं. मी म्हटलं, अगं, सगळे अंक संपले, लताबाईंची फुलं संपली, आणि तुझं ते पाय अडण्याचं म्हणशील तर आख्खा रस्ता अडला. मग ती उठली आणि झालं तसं लिहून काढलं: चेहरा आम्ही छापला, पण तो कसा वाचायचा हे हाराने ठरवलं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि तिला सगळ्यांत जास्त मार्क दिले. एवढ्यावर थांबतं तर ठीक. शेजारच्या गल्लीतल्या मंडळाला इतकं वाईट वाटलं की त्यांनी चार दिवसांत लताबाईंच्या टपरीजवळ एक सिमेंटचं बाक आणून बसवलं आणि त्यावर लाल रंगात माझ्या नावापुढे ‘यांच्या स्मरणार्थ’ असं रंगवलं. मी जाऊन भेटलो. ते ओशाळले, पण रंग पक्का होता. त्याचाच फोटो चंद्रप्रकाशने तुला पाठवला ना? तर ते बाक खरं आहे आणि मीही खरा आहे. रोज संध्याकाळी मी पाठ अशी टेकवून बसतो की ती अक्षरं झाकली जातात. आमच्या गप्पा पुन्हा रंगू लागल्यात. लताबाई मला बघून पदर तोंडाला लावतात. माणसाच्या मरणाची खोटी आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात, तेव्हा माझी काळजी सोड. रुचिराच्या मुलांच्या मुंजीही उरकूनच जाईन.

तुझा धाकटा भाऊ,
मार्तंड

ता. क. चंद्रप्रकाशला घालून पाडून बोलू नकोस. बातमी कळवताना तो रडला होता, आणि त्याचं रडणं खरं होतं. त्याला अंतरपाट धरायला दे, सफारी वाया जाणार नाही. रुचिराला मात्र मीच आणीन. तिने काल मला मेसेज केला की मामा, तू नसशील तर मी खोलीतून बाहेरच येणार नाही. (तिला पहिल्यापासून ठाऊक होतं मी जिवंत आहे. तुझ्या भीतीने बोलली नाही.)

ता. क. दोन. एवढं लांबण मामाच्या मानासाठी लावलं असं तुला वाटेल, तर तसं नाही. तो मान तू मला देणार हे मला माहीत आहे. गोष्ट वेगळीच आहे. तू शुभाला फोनवर धीर देत होतीस ना, तेव्हा तिने स्पीकर लावला होता आणि मी शेजारी शेंगा सोलत होतो. ‘माझो भाव सोन्यासारखो होतो, पण त्याका मी कधी सांगूक नाय,’ असं म्हणून तू रडलीस. ताई, जन्मभर तुझ्याकडून मी गाढव, धांदरट आणि खाजीचोर एवढंच ऐकलंय. मी उठून आत गेलो, कारण शुभासमोर रडायची मला सवय नाही. आता मी जिवंत निघालो म्हणून ते शब्द मागे घेऊ नकोस. मांडवात गडबड असेल, सनई वाजत असेल, तेव्हा एकदा माझ्या तोंडावर म्हण. मी ऐकू आलं नाही असं दाखवीन.