प्रेमला गोलसमोर उभं केल्याबद्दल

तीर्थरूप मालनताईस,

संदेशचा साष्टांग नमस्कार. (रागात घातलेला आहे, पण कपाळ जमिनीला टेकवून घातलेला आहे, याची नोंद घ्यावी.) दाजींचा गुडघा कसा आहे? तुझी शुगर? मोहन्यात पाणी वेळेवर येतं का? आमच्याकडे डोंबिवलीत सगळं ठीक, फक्त माझं बीपी सोडून, आणि त्याला तुझा मुलगा जबाबदार आहे. तू मला फॅमिली ग्रुपमधून काढलंस, फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र संचिताच्या हाती पाठवतोय. माझी बायको असून या भांडणात ती तुझ्या बाजूची आहे, तेव्हा पत्र नक्की पोचेल.

तू तिला म्हणालीस, की संदेशने माझ्या पोराला कपाटासारखा वापरला. हो, वापरला! मग काय करायचं होतं? मी कॉलेजात शिकवतो तो लॅक्रॉस म्हणजे काठीला लावलेल्या जाळीत चेंडू झेलायचा, पळायचं, फेकायचा आणि समोरच्या गोलात घालायचा. (हॉकी नव्हे. हे मी पाच वर्षं कॉलेजातल्या शिपायापासून सगळ्यांना सांगतोय.) प्रेम सहा फूट दोन इंच, एकशे अठरा किलो. त्याला पळवून काय मिळणार होतं? अटॅकमध्ये त्याला एकच काम दिलं. समोरच्या गोलकीपरच्या नजरेआड सगळं मैदान जाईल असं उभं राहायचं, आणि मागून आमच्या टीममधल्या सुमितने चेंडू हाणायचा. नियमही सोयीचा आहे, आडवं उभं राहणाऱ्याने जागचं हलायचं नाही, हलला की फाउल. आणि न हलणारा माणूस शोधायला मला लांब जायची गरज नव्हती. पाच वर्षं दाजींच्या गोविंदा पथकात खालच्या थराला उभा राहिलेला सख्खा भाचा घरात होता. चूक झाली ती इथेच, आणि ती दाजींची आहे, माझी नाही. खालच्या थराला काय शिकवायचं याला काही मर्यादा?

गेल्या रविवारी घोडबंदर रोडवरच्या एका क्लबशी सामना होता. प्राचार्यबाईंनी बजावलेलं, जिल्हा स्पर्धेत दोन सामने आहेत, एक तरी जिंका, नाहीतर काठ्या स्टोअररूममध्ये आणि लॅक्रॉस बंद. माझी पाच वर्षं त्या स्टोअररूममध्ये जाणार होती, ताई! अशा दिवशी प्रेमने काय करावं? त्याला रोखायला तीन जण आले, त्याला घेरून उभे राहिले. माणसांनी घेरलं की तुझ्या मुलाला एकच गोष्ट कळते. त्याने मान खाली घातली, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर टाकले आणि म्हणाला, “हलायचं नाय रे कोणी.” त्या तिघांतले दोघे ठाण्याच्या पथकातले! त्यांनी सवयीने एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकले आणि माना खाली घातल्या. तिसऱ्या बिचाऱ्याला काही कळेना, पण तोही वाकला. सुमितने आरामात गोल मारला आणि रेफ्रीने रद्द केला, कारण काय, तर प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणे. असे दोन गोल गेले. (दुसऱ्या वेळी तर ते तिघे आपणहून आले.)

तरीही शेवटच्या मिनिटाला सहा-सहा होते. सुमितने चेंडू मारायला काठी उचलली, तो अडवायला त्यांचा मेलरॉय नावाचा मुलगा धावत येऊन उडाला, प्रेमच्या खांद्यावर आपटला आणि उलटा होऊन वरून पलीकडे जायला लागला. प्रेमने काठी फेकून दिली. सामन्यात! शेवटच्या मिनिटाला! आणि थरावरून पडणाऱ्याला झेलतात तसं त्या पोराला दोन्ही हातांत झेललं. सुमितचा चेंडू प्रेमच्या पाठीवर आदळून मैदानात आला, त्यांनी तो उचलला, पळाले आणि सातवा गोल केला. मैदानावर सगळे टाळ्या वाजवत होते. त्यात आमची पोरंही होती. मेलरॉय अजून प्रेमच्या हातांतच होता.

मी त्याला सगळ्यांदेखत रेडा म्हणालो, हे खरं आहे. नुसता देह वाढवलायस, असंही म्हणालो. बोललो ते बोललो. पण तू आणि दाजींनी त्याला इतकं भलं करून ठेवलंय की तो कुठल्याच खेळाच्या कामाचा उरलेला नाही, आणि हे मी मामा म्हणून नाही, कोच म्हणून लिहितोय.

दाजींना नमस्कार. लोभ दोन्हीकडून थोडा आटलेला आहे, तो पूर्ववत व्हावा.

तुझा धाकटा,
संदेश

ता. क. संचिता निघण्याआधी एक फोन आला. कार्मेल म्हणून बाई होत्या, त्या मेलरॉयच्या आई. प्रेमचा नंबर मागत होत्या. पोरगा पडला असता तिथे मागे गोलचा लोखंडी पाइप होता म्हणे. मी हेल्मेटचा विषय काढला, तर म्हणाल्या, “सर, हेल्मेट डोक्याला असतं, मानेला नसतं.” मला लाज वाटली, ताई. हे दाजींना वाचून दाखवू नकोस.

ता. क. २. खरं काम असं, की येत्या रविवारी दुसरा सामना आहे. प्रेमही माझा फोन घेत नाही. पोरं त्याच्याशिवाय खेळायला तयार नाहीत. सुमित म्हणाला, सर, तीन महिन्यांत तुम्ही एकदा तरी प्रेमला चेंडू द्यायला सांगितलंत का? मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. सरावातसुद्धा नाही. त्याला सांग, या वेळी त्याच्या जाळीत चेंडू येईल. गोल झाला नाही तरी चालेल. (चालणार नाही, पण सांग.)

ता. क. ३. आणि खेळताना कोणी पडलंच, तर चेंडू टाकून त्याला झेलू दे. मी बाहेरून ओरडेन. तिकडे लक्ष देऊ नकोस म्हणावं.